युरोपातील रेल्वेप्रवासात सामान कुठे ठेवावे आणि कसे सांभाळावे

युरोपात पहिल्यांदाच रेल्वेने फिरायला निघालेला माणूस तिकिटांची आणि वेळापत्रकाची भरपूर चौकशी करतो, पण सामानाचा विचार बहुधा बॅग भरण्यापुरताच करतो. तिकीट मोबाइलवर काही मिनिटांत निघते. तेवीस किलोची सुटकेस मात्र प्रत्येक स्थानकावर, प्रत्येक जिन्यावर आणि प्रत्येक डब्याच्या दारात आपल्यालाच उचलावी लागते. तिकडे बहुतेक स्थानकांवर हमाल नसतात. आसनाखाली आपल्या बर्थखाली असते तशी ऐसपैस जागा नसते, साखळी अडकवायला कडी नसते, आणि रॅकवर ठेवलेली बॅग नेमकी कोण उतरवून नेतो हे कोणीही विचारत नाही. हातातल्या सामानावर लक्ष ठेवणे हे प्रवाशाचेच काम मानले जाते. त्यामुळे सुरक्षिततेची सुरुवात कुलपापासून होत नाही, बॅगेच्या आकारापासून होते. बॅग केवढी आहे यावर ती डब्यात कुठे मावेल हे ठरते, आणि ती कुठे मावते यावर ती तुमच्या नजरेसमोर राहील की नाही हे ठरते.

पुढे जागोजागी पॅरिस, झ्युरिक, इंटरलाकेन, मिलान, फ्लॉरेन्स, रोम या मार्गाची उदाहरणे घेतली आहेत, कारण आपल्याकडून स्वतःच्या बळावर जाणारी बरीच कुटुंबे पहिल्या खेपेला साधारण हाच मार्ग निवडतात.

बॅग निवडताना

विमान कंपनी तेवीस किलो नेऊ देते म्हणून अठ्ठावीस इंची सुटकेस काठोकाठ भरण्याची सवय रेल्वेप्रवासात महागात पडते. रेल्वेत वजनाचा काटा नसतो, पण डब्याच्या दाराशी दोन-तीन पायऱ्या असतात, फलाट आणि डबा यांच्यात फट असते, आणि डोक्यावरचा रॅक खांद्याच्याही वर असतो. चोवीस इंची किंवा त्याहून लहान बॅग पाठीला पाठ लावून असलेल्या दोन आसनांमधल्या तिरक्या पोकळीत बहुधा सहज सरकते, आणि ती फुगलेली नसेल तर अनेक गाड्यांत डोक्यावरही बसते. अठ्ठावीस इंची सुटकेस मात्र डब्याच्या टोकाला, दाराजवळच्या मोठ्या रॅकवरच ठेवावी लागते, आणि सामान जाण्याचा धोका सर्वांत जास्त तिथेच असतो. म्हणून चौघांच्या कुटुंबाने दोन अजस्र सुटकेस नेण्याऐवजी प्रत्येकी एक मध्यम चाकांची बॅग आणि पाठीवर एक सॅक एवढेच न्यावे, असे माझे ठाम मत आहे. ज्याची बॅग त्याला स्वतःला छातीपर्यंत उचलता आली पाहिजे. ही परीक्षा घरीच, भरलेल्या बॅगेवर घ्यावी आणि ती उचलली गेली नाही तर दोन स्वेटर आणि फराळाचा एक डबा निर्दयपणे बाहेर काढावा.

काही गाड्यांना आकाराचे लेखी नियम आहेत. फ्रान्सच्या टीजीव्ही इनुई या वेगवान गाड्यांत दोन मोठ्या बॅगा, प्रत्येकी जास्तीत जास्त ७० × ९० × ५० सेंटिमीटर, आणि एक छोटी हातबॅग चालते; जास्त नेल्यास दंड होऊ शकतो. त्याच देशातल्या स्वस्त उइगो गाड्यांत तिकिटासोबत विमानातल्या केबिन बॅगेएवढेच सामान येते आणि मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसल्यावर हा खर्च आधी त्यात मिळवून पाहावा. लंडन ते पॅरिस जाणाऱ्या युरोस्टारमध्ये स्टँडर्ड वर्गात ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातबॅग नेता येते. तिथे विमानतळासारखी सामानाची तपासणी होते, म्हणून भाज्या चिरायची मोठी सुरी बॅगेत ठेवू नये. स्पेनमध्ये २००४ साली माद्रिदच्या लोकल गाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर वेगवान गाड्यांच्या फलाटावर जाण्यापूर्वी सामान यंत्रातून तपासले जाते, त्यासाठी हाताशी जास्त वेळ ठेवावा.

फ्रान्समध्ये प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी असणे बंधनकारक आहे. इतर देशांतही ती लावावीच. चिठ्ठीवर नाव, देशाच्या क्रमांकासह मोबाइल आणि ईमेल एवढे पुरेसे आहे. घरचा पत्ता लिहिण्याची गरज नाही. अशीच दुसरी चिठ्ठी बॅगेच्या आत, कपड्यांच्या अगदी वर ठेवावी, कारण बाहेरची चिठ्ठी ओढाताणीत तुटते.

काय अंगावर ठेवावे आणि काय रॅकवर

भरतानाच सामानाचे दोन भाग करावेत: जे गेल्यास प्रवास थांबेल ते, आणि जे गेल्यास फक्त हळहळ वाटेल ते. पासपोर्ट, एक बँक कार्ड, थोडे युरो आणि स्विस फ्रँक, मोबाइल हे कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये किंवा चेन असलेल्या आतल्या खिशात असावे. रोजची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, लॅपटॉप आणि दागिने सॅकमध्ये असावेत, आणि ती सॅक डोक्यावरच्या रॅकवर न ठेवता पायांच्या मध्ये, पट्टा एका पायात अडकवून ठेवावी. मोठ्या बॅगेत कपडे, चप्पल, खाऊ यांपलीकडे काही असू नये. लोणच्याची बरणी नेलीच तर ती दोन पिशव्यांत बांधून बॅग उभी ठेवावी. रॅकवर आडव्या पडलेल्या बॅगेतून तेल झिरपले तर खालच्या प्रवाशाच्या कोटाचे नुकसान होते.

आपल्याकडची एक पद्धत इथे सोडून द्यायला हवी. सगळ्यांचे पासपोर्ट, सगळे पैसे आणि सगळी तिकिटे घरातल्या एकाच जबाबदार माणसाच्या बॅगेत ठेवली, तर ती एक बॅग गेल्यावर सगळे कुटुंब अडकते. ज्याचा पासपोर्ट त्याच्या अंगावर, लहान मुलांचे आईवडिलांकडे वाटून, आणि दुसरे बँक कार्ड दुसऱ्याच माणसाकडे, अशी विभागणी करावी. सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांत पोलीस तपासणीला येऊ शकतात. झ्युरिकहून मिलानला जाताना गाडी किआसोला, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर थांबते. तिथे पासपोर्ट शोधण्यासाठी रॅकवरची बॅग उतरवून सगळ्यांसमोर उघडण्याची वेळ येऊ नये.

स्थानकावर आणि चढताना

मोठ्या स्थानकांवर चोरी बहुधा झटापटीने होत नाही, लक्ष विचलित करून होते. तिकीट यंत्रापाशी आपणहून मदतीला येणारा, कपड्यावर काही सांडले आहे असे सांगून पुसू लागणारा, सही घेण्यासाठी कागद पुढे करणारा, सरकत्या जिन्यावर अचानक पुढे थबकणारा, यांतल्या कोणाहीबरोबर बोलताना तुमचा एक हात बॅगेच्या दांड्यावर असला पाहिजे. न सांगता बॅग उचलू लागणाऱ्याला शांतपणे, पण स्पष्ट नकार द्यावा. तो नंतर पैसे मागतो. फलक वाचण्यासाठी थांबायचे असल्यास भिंतीला किंवा खांबाला पाठ लावून, बॅगा पाय आणि भिंत यांच्यामध्ये घेऊन थांबावे.

बॅग एकटी सोडून कॉफी आणायला जाऊ नये. चोराची भीती तर असतेच, शिवाय बेवारस बॅग दिसली की पोलीस तो भाग मोकळा करतात, गाड्या थांबतात, आणि बॅग नष्टही केली जाऊ शकते.

पॅरिसच्या गार द लियों स्थानकावर फलाटाचा क्रमांक साधारण वीस मिनिटे आधी लागतो आणि सुटण्याच्या दोन मिनिटे आधी प्रवेश बंद होतो. या थोड्या वेळात लांबलचक गाडीशेजारून सामानासह चालायचे असते, म्हणून आपला डबा फलाटावरच्या कोणत्या अक्षरापाशी येणार हे फलकावर पाहून तिथेच उभे राहावे. गाडी उलट्या क्रमाने लागल्याची सूचना कधी कधी ऐन वेळी येते, तेव्हा कान उघडे ठेवावेत. चढताना एकाने रिकाम्या हाताने आधी वर जावे, दुसऱ्याने खालून एकेक नग वर द्यावा, आणि फलाटावर एकही नग उरला नाही हे पाहूनच शेवटच्याने चढावे. सगळे एकदम चढले की एखादी सॅक खाली राहते, किंवा लहान मूल.

डब्यात जागा निवडताना

पॅरिसहून झ्युरिकला जाणारी टीजीव्ही लिरिया दुमजली असते. या गाड्यांत मोठ्या सामानाचे रॅक दाराजवळ खालच्या मजल्यावर असतात, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची वाट वरच्या मजल्यावरून असते. वरच्या मजल्यावरून देखावा चांगला दिसतो, पण खाली ठेवलेली बॅग अजिबात दिसत नाही. मोठे सामान असेल तर आरक्षण करताना खालचा मजला मागावा. शक्य असल्यास रॅककडे तोंड असलेले आसन घ्यावे. जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाड्यांत काही डब्यांच्या मधल्या भागातही रॅक असतात. ते आसनांच्या जवळ असल्याने दाराजवळच्या रॅकपेक्षा केव्हाही चांगले.

जागा शोधण्याचा क्रम असा ठेवावा. आधी आसनांमधली पोकळी पाहावी. ती भरलेली असेल तर डोक्यावरचा रॅक, पण आपल्या आसनाच्या नेमका वर नको. समोरच्या बाजूला, दोन-तीन ओळी पुढे ठेवलेली बॅग बसल्या जागेवरून दिसते. स्वतःच्या डोक्यावरची दिसत नाही. दाराजवळचा रॅक शेवटचा पर्याय. तिथे बॅग ठेवावीच लागली तर ती खालच्या फळीवर, आतल्या बाजूला, दांडा भिंतीकडे करून ठेवावी, म्हणजे तिच्यापर्यंत पोहोचायला आधी दुसऱ्यांच्या बॅगा हलवाव्या लागतात. दोन बॅगांचे पट्टे एकमेकांत अडकवून ठेवणेही उपयोगी पडते, कारण एक ओढली की दुसरी ओढली जाते आणि आवाज होतो.

आपल्या जाडजूड साखळीची इथे गरज नाही. आकड्यांचे बारीक तारेचे कुलूप घ्यावे आणि दाराजवळच्या रॅकवरच्या बॅगेचा दांडा रॅकच्या नळीला बांधावा. तार पक्कडीने तुटते हे खरे, पण भुरट्या चोराला गाडी थांब्यावर असते तेवढाच वेळ मिळतो, आणि तेवढ्या वेळात तो न बांधलेली शेजारची बॅग पाहतो. मार्गिकेत किंवा दारासमोर बॅग ठेवू नये. चाकांच्या खुर्चीसाठी राखलेली जागा तर कधीच अडवू नये; ती रिकामी दिसली तरी पुढच्या स्थानकावर तिची गरज पडू शकते.

प्रथम वर्गात गर्दी कमी आणि जागा जास्त असते, पण तिथे सामानावर पहारा नसतो, हे लक्षात असू द्यावे.

थांब्यांवरची सावधगिरी

धावत्या गाडीतून बॅग चोरून जायला वाट नसते. जो धोका आहे तो गाडी थांबल्यापासून दारे बंद होईपर्यंतचा. पद्धत साधारण अशी असते: नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस बिनासामानाचा चढतो, फोनवर बोलत रॅकपाशी रेंगाळतो, लोकांची चढउतार संपत आली की रॅकवरची सर्वांत बाहेरची बॅग आपलीच असल्यासारखी खाली घेतो आणि दारे मिटण्याच्या बेतात असताना उतरतो. कोणी पाहिले तरी प्रवासी उतरतो आहे असेच वाटते. तुम्ही धावत दाराशी पोहोचेपर्यंत गाडी हललेली असते.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि तो कोणत्याही कुलपापेक्षा गुणकारी आहे. प्रत्येक थांब्याच्या दोन मिनिटे आधी कुटुंबातल्या एकाने उठून रॅकपाशी उभे राहावे आणि गाडी सुटल्यावर परत यावे. पॅरिस ते झ्युरिक हा सुमारे चार तासांचा प्रवास आहे. दिजों, म्युलूझ, बाझल अशा मोजक्या थांब्यांवर उठण्याने कोणाची झोप फारशी मोडत नाही. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्थानकावर विशेष जपावे. तिथे रूळ संपतात, गाडी आल्या दिशेनेच परत निघते, थांबा लांबतो आणि पुष्कळ लोक एकाच वेळी चढतात-उतरतात. मिलानहून रोमला जाणारा प्रवासी नेमका तिथे फोटो काढायला खाली उतरतो, आणि त्याची बॅग मागे एकटी राहते.

काही गाड्या वाटेत दुभंगतात. गाडीचे दोन भाग मधल्या एखाद्या स्थानकावर वेगळे होऊन वेगवेगळ्या मार्गांनी पुढे जातात. जागा नाही म्हणून दुसऱ्या भागातल्या डब्यात बॅग ठेवली, तर ती भलत्याच गावी पोहोचते. आपण ज्या डब्यात बसलो त्याच डब्यात सामान, हा नियम मोडू नये.

उतरायच्या दहा मिनिटे आधी नग मोजून दाराकडे सरकावे. मधल्या स्थानकांवर गाडी अनेकदा दोन-तीन मिनिटेच थांबते आणि ती सुटण्याच्या क्षणाआधीच दारे बंद होतात. एकूण नग किती हा आकडा मुलांनाही पाठ असावा. मुले तो मोठ्या माणसांपेक्षा काटेकोरपणे मोजतात.

रात्रीची गाडी

ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेटसारख्या रात्रीच्या गाड्यांत आसन, कुशेत म्हणजे चार-सहा जणांचा शयनकक्ष, आणि स्वतंत्र शयनकक्ष असे प्रकार असतात. किमती सामान बरोबर असताना रात्रभर नुसत्या आसनावर बसून जाण्याचा सल्ला मी देणार नाही. झोप लागतेच आणि दार कोणालाही उघडता येते. कुशेतमध्ये मोठ्या बॅगा सर्वांत खालच्या बर्थखाली किंवा दारावरच्या कप्प्यात जातात. दार आतून बंद होते, ते बंद केल्याची खात्री झोपण्याआधी प्रत्येक वेळी करावी, विशेषतः कोणी शौचालयाला जाऊन आल्यावर. पासपोर्टचा पाऊच उशीखाली न ठेवता अंगावरच असू द्यावा. डिसेंबर २०२३ पासून धावू लागलेल्या नव्या नाइटजेटमध्ये एकट्या प्रवाशासाठी छोट्या कोठड्या आहेत आणि त्यांच्यासोबत सामानाला कुलपाचा कप्पाही मिळतो. एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रियांना ही सोय चांगली आहे.

स्थानकावर सामान ठेवून गाव पाहायचे असेल तर

खोली सकाळी सोडावी लागते आणि गाडी संध्याकाळची असते, असा प्रसंग प्रत्येक सहलीत येतो. अशा वेळी आधी हॉटेललाच विचारावे. बहुतेक हॉटेले दिवसभर बॅगा ठेवून घेतात. ते गैरसोयीचे असेल तर स्थानकाकडे वळावे. बॅग आणि किल्लीचे चित्र असलेला फलक बहुतेक देशांत सारखाच आहे. त्यावर फ्रान्समध्ये कोंसिन्य, इटलीत देपोझितो बगाल्यी, स्पेनमध्ये कोन्सिग्ना आणि जर्मन भाषिक प्रदेशात श्लीसफेखर असे शब्द असतात.

लॉकरचे व्यवहार देशागणिक बदलतात. झ्युरिक, ल्युसर्न आणि इंटरलाकेन ओस्ट इथे वेगवेगळ्या आकारांचे लॉकर आहेत. लाउटरब्रुनेन किंवा वेंगेन या जवळच्या डोंगरी गावांत एक रात्र राहायचे असेल, तर मोठी बॅग इंटरलाकेन ओस्टला ठेवून पाठीवरच्या सॅकसह डोंगरावर जाणे फार सुखाचे होते. जर्मनीतले स्थानकांवरचे लॉकर साधारण ७२ तासांपर्यंत वापरता येतात. कोलोनला कॅथेड्रलच्या अगदी शेजारी असलेल्या मुख्य स्थानकावर स्वयंचलित व्यवस्था आहे: खिडकीसारख्या दारात बॅग ठेवून पैसे भरले की दार मिटते, बॅग यंत्राने तळघरात नेली जाते आणि हातात येते एक पावती, परत येऊन ती यंत्रात घातली की बॅग वर येते. पॅरिसच्या मोठ्या स्थानकांवर ठेवण्यापूर्वी बॅग तपासणी यंत्रातून जाते. इटलीत मोठ्या स्थानकांवर कर्मचारी असलेली खोली असते आणि तासांप्रमाणे पैसे पडतात. ब्रिटनच्या स्थानकांवर सुरक्षेच्या कारणास्तव लॉकर नाहीतच; मोठ्या स्थानकांवर माणसे असलेली सामानघरे आहेत.

लॉकर वापरताना पुढचा क्रम पाळावा. आधी मोकळा लॉकर शोधून बॅग मावते का ते पाहावे, मग दार बंद करून पैसे भरावेत, दार ओढून खरेच बंद झाले का ते तपासावे, आणि शेवटी पावतीचा, लॉकरच्या क्रमांकाचा आणि तो कोणत्या मजल्यावर, कोणत्या दालनात आहे या खुणेचा असे तीन फोटो काढावेत. संकेतांक असलेली पावती हीच किल्ली असते. ती दुसऱ्याच्या हाती पडली तर लॉकर त्याचा. सुटी नाणी आणि कार्ड दोन्ही जवळ असावेत, कारण काही यंत्रे नाणी घेतात आणि काही फक्त कार्ड. सामानघर रात्री बंद होते, म्हणून उशिराच्या गाडीने जायचे असल्यास बंद होण्याची वेळ आधी वाचून घ्यावी. पासपोर्ट, औषधे आणि पैसे लॉकरमध्ये कधीही ठेवू नयेत.

स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेकडे बॅग सोपवून ती दुसऱ्या स्थानकावर किंवा थेट मुक्कामाला पाठवण्याची सोय आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा. बॅग लगेच त्याच दिवशी मिळेल असे गृहीत धरू नये. मधल्या काळाचे कपडे आणि औषधे हाताशी ठेवावीत.

बॅग हरवली किंवा चोरीला गेली तर

बॅग गाडीत विसरली असेल आणि गाडी पुढे गेली असेल, तर तिकिटावरचा गाडी क्रमांक, डबा आणि आसन घेऊन ताबडतोब स्थानकाच्या माहिती कक्षात जावे. गाडीतल्या तिकीट तपासनिसाला निरोप देता येतो. त्याच दिवशी रेल्वेच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची नोंदही करावी. जर्मनीत सापडलेले सामान अखेरीस वुपरटाल इथल्या मध्यवर्ती कार्यालयात जमा होते. अशा नोंदीसाठी बॅगेचा रंग, कंपनी, चाकांची संख्या आणि आतल्या दोन-चार ओळखीच्या वस्तू सांगाव्या लागतात, म्हणून निघण्यापूर्वी बॅग बंद असतानाचा आणि उघडी असतानाचा असे दोन फोटो काढून ठेवलेले फार कामी येतात.

चोरी असेल तर आधी बँकेचे कार्ड बंद करावे, मग पोलिसांकडे जावे. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्येही ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. जर्मनीत रेल्वेवर बुंडेसपोलिझाई आणि इटलीत पोल्फेर हे पोलीस असतात, मोठ्या स्थानकांवर त्यांची चौकी असते. ब्रिटनमध्ये रेल्वे पोलिसांना ६१०१६ या क्रमांकावर संदेश पाठवता येतो. बॅगेत ट्रॅकर ठेवला असेल आणि तो जागा दाखवत असेल, तर ती जागा पोलिसांना दाखवावी, स्वतः त्या पत्त्यावर जाऊ नये. लेखी तक्रारीची शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय चौकीतून निघू नये. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात ही प्रत लागते. तिथे नव्या पासपोर्टसाठी किंवा भारतात परतण्यापुरत्या आपत्कालीन प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो ईमेलमध्ये असतील तर काम बरेच सोपे होते.

विम्याचीही गफलत होते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे जे संरक्षण सक्तीचे आहे, ते वैद्यकीय खर्चाचे आहे. सामानाचे कलम पुष्कळ पॉलिसींमध्ये विमानात सोपवलेल्या बॅगेपुरतेच असते, म्हणून रेल्वेतली चोरी त्यात बसते का, आणि तक्रार किती तासांत नोंदवावी लागते, हे दोन प्रश्न पॉलिसी घेतानाच एजंटला विचारून उत्तर लेखी मागून घ्यावे. दाव्यासोबत पोलीस तक्रारीची प्रत, रेल्वेचे तिकीट आणि शक्य असतील त्या वस्तूंच्या पावत्या जोडाव्या लागतात.